माशांतील नैसर्गिक लिंगांतर : हॉर्मोनमीमांसेची एक तपासणी

प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत माशांच्या नैसर्गिक लिंगांतराची हकीकत बहुधा एका वाक्यात आटोपली जाते: मादीच्या रक्तातील एस्ट्रॅडायॉल उतरते, ११-कीटोटेस्टोस्टेरोन चढते, आणि अंडाशयाच्या जागी वृषण तयार होते. ह्या वाक्यात असत्य असे काही नाही. मोजमापे खरी आहेत व ती अनेक जातींत पुनःपुन्हा घेतली गेली आहेत. परंतु घडलेल्या गोष्टींचा क्रम सांगणे निराळे आणि त्या कोणत्या कारणाने घडल्या हे सांगणे निराळे. हे अंतर ह्या एका वाक्यात अगदी बेमालूम बुजून गेलेले आहे. वाक्य वाचणाऱ्यास असे वाटते की, हॉर्मोनांचा पारडेपालट हेच लिंगांतराचे कारण होय. हा समज पुराव्याच्या बळावर कितपत टिकतो हे तपासून पाहण्यासारखे आहे. कारण ह्याच समजावर मत्स्यसंवर्धनातील काही प्रयोग व मासेमारीचे काही नियम आज उभे आहेत.

प्रथम शब्दांचा विचार. इंग्रजी शास्त्रीय वाङ्मयात ह्या घटनेला दीर्घकाळ ‘उलटणे’ अशा अर्थाचा शब्द रूढ होता, व मराठीत ‘लिंगविपर्यय’ हा त्याचाच अनुवाद. विपर्यय म्हटले की जे सुलट होते ते उलट झाले, नियम मोडला, असे ध्वनित होते. येथे तसे काही नाही. मादी म्हणून अंडी घातलेला मासा पुढे नर म्हणून शुक्रजल सोडतो, ही त्या जातीच्या आयुष्यक्रमातील नेहमीची पायरी होय. ज्या जातींत प्रथम मादी व मागाहून नर असा क्रम असतो त्यांस स्त्रीपूर्व, आणि ज्यांत प्रथम नर व मागाहून मादी असा क्रम असतो त्यांस पुंपूर्व म्हणावे. दोहोंसाठी ‘लिंगांतर’ हा शब्द पुरेसा आहे. शब्दाची ही चिकित्सा केवळ भाषेची हौस नव्हे. ‘विपर्यय’ म्हणणारा संशोधक नकळत बिघाड शोधू लागतो, आणि बिघाड शोधणाऱ्याला औषध देऊन तो निर्माण करता आला की आपले काम झाले असे वाटू लागते. पुढे दिसेल की, ह्या विषयातील बरीचशी गफलत नेमकी येथेच झाली आहे.

अशा रीतीने लिंगांतर करणाऱ्या माशांच्या सुमारे ५०० जाती ज्ञात आहेत. त्यांतील ज्या प्रसंगाने हा विषय सर्वतोमुखी झाला तो ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवरील हेरन बेटाजवळचा. इतर माशांच्या अंगावरील परोपजीवी टिपून खाणारा लॅब्रॉइडीस डिमिडिएटस हा चिमुकला रॅस मासा तेथे एक नर व काही माद्या अशा जनानखान्यात राहतो. डी. आर. रॉबर्टसन ह्यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणांनुसार नर नाहीसा झाला की दीड-दोन तासांतच सर्वांत मोठी मादी नरासारखी आक्रमक वागू लागते. दोन ते चार दिवसांत ती प्रजननातील नराची भूमिका घेते. आणि साधारणतः १४ ते १८ दिवसांत तिच्या शरीरातून शुक्रजंतू बाहेर पडू लागतात. कॅरिबियन समुद्रातील निळ्या डोक्याचा रॅस, म्हणजे थॅलॅसोमा बायफॅसिएटम, ह्याहून घाईचा. त्याच्या मादीची वागणूक काही मिनिटांत ते तासांत बदलते व आठ-दहा दिवसांत अंडाशयाचे कार्यक्षम वृषण होते.

ह्या वेळापत्रकातील एक बाब पाठ्यपुस्तकातील वाक्याला मुळातच अडचणीची आहे. वागणूक आधी बदलते, जननग्रंथी मागाहून. वागणुकीचे कारण जननग्रंथीतील हॉर्मोन असेल, तर तिने हॉर्मोन बदलण्याची वाट तरी पाहावयास हवी होती.

लिंगांतर ‘कशासाठी’ होते हा प्रश्न येथे बाजूला ठेवणे इष्ट. एम. टी. गीसेलिन ह्यांनी १९६९ साली आणि आर. आर. वॉर्नर ह्यांनी १९७५ साली आकारलाभाची जी उपपत्ती मांडली तिने ह्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे दिले आहे. मोठा नर अनेक माद्यांवर हक्क सांगू शकत असेल तेथे लहानपणी मादी व मोठेपणी नर होणे फायद्याचे. आणि जेथे नराला मोठेपणाचा विशेष लाभ नाही परंतु मोठ्या मादीला अधिक अंडी घालता येतात, तेथे उलट क्रम फायद्याचा. उपपत्ती सुबक आहे व तिची भाकिते अनेक ठिकाणी खरी ठरली आहेत. मात्र ‘मोठे झाल्यावर नर होणे लाभाचे असते म्हणून मादी नर होते’ असे वाक्य शरीरक्रियेच्या विवेचनात वाचावयास मिळाले की समजावे, लेखकाने निवडीच्या युगानुयुगांचा हिशेब एका माशाच्या आठ दिवसांत घुसडला आहे.

आता हॉर्मोनांकडे वळावे. ११-कीटोटेस्टोस्टेरोन हे माशांतील प्रमुख पुं-हॉर्मोन १९६० साली आयडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सॅमन माशाच्या रक्तात ओळखले. टेस्टोस्टेरोनपासून एस्ट्रॅडायॉल बनविणारे एंझाइम म्हणजे ॲरोमॅटेज. एकाच पूर्वद्रव्याला दोन वाटा. ॲरोमॅटेज जोरात असेल तर स्त्री-हॉर्मोनाची वाट, ते मंदावले तर पुं-हॉर्मोनाची. चित्र इतके साधे आहे की त्याची भुरळ पडावी. त्यात जपानमधील प्रयोगांनी भर घातली. नागोया येथील तोकिओ यामामोतो ह्यांनी १९५३ साली मेडाका ह्या भातशेतीतील लहान माशाच्या आनुवंशिक नरांना एस्ट्रोन देऊन त्यांच्या खऱ्याखुऱ्या, अंडी घालणाऱ्या माद्या केल्या. पुढे १९५८ साली पुं-हॉर्मोनाने आनुवंशिक माद्यांचे नर करून दाखविले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी ओकिनावातील संशोधकांनी एपिनेफेलस मेरा ह्या स्त्रीपूर्व माशाच्या माद्यांना ॲरोमॅटेज रोखणारे द्रव्य दिले आणि त्यांचे नर झाले. हा मासा कोकणात ज्यांस हेकरू म्हणतात त्यांच्या कुळातला. नैसर्गिक लिंगांतराच्या वेळीही ह्या माशात एस्ट्रॅडायॉल उतरताना मोजले गेले होते. एकीकडे निसर्गातील मोजमाप, दुसरीकडे प्रयोगशाळेतील परिणाम, आणि दोन्ही एकमेकांशी जुळणारे. पुरावा पूर्ण झाला असे वाटल्यास नवल नाही.

तो पूर्ण झालेला नाही, आणि ह्याचे कारण त्याच प्रयोगांत दडलेले आहे. मेडाका निसर्गात कधीही लिंगांतर करीत नाही. त्याच्या नर-मादीचा निर्णय गुणसूत्रांवर होतो. २००२ साली सापडलेले त्याचे लिंगनिश्चायक जनुक हे सस्तन प्राण्यांबाहेरच्या पृष्ठवंशी प्राण्यांत सापडलेले त्या प्रकारचे पहिले जनुक होय. यामामोतोंच्या प्रयोगात पिले कोवळी होती असे म्हणून हा आक्षेप काही काळ टाळता आला असता. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगांत वाढ पूर्ण झालेल्या मेडाका व टिलापिया माद्यांना ॲरोमॅटेज रोखणारे द्रव्य दीर्घकाळ दिले असता त्यांचेही कार्यक्षम नर झाले. टिलापियादेखील आपणहून लिंग बदलणारा मासा नव्हे. जे द्रव्य आयुष्यात कधीही लिंग न बदलणाऱ्या माशाचे लिंग बदलू शकते, त्याने एपिनेफेलसचे लिंग बदलले ह्यावरून एपिनेफेलस निसर्गात का बदलतो हे कसे कळावे? त्यावरून एवढेच सिद्ध होते की, माशाचे अंडाशय हे एकदा घडून कायम झालेले इंद्रिय नसून एस्ट्रॅडायॉलच्या सततच्या आधाराने टिकवून धरलेले इंद्रिय आहे. हा शोध लहान नाही; लिंगांतराच्या कारणांच्या चर्चेपेक्षा तो कदाचित अधिक मोलाचा ठरेल. परंतु तो दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. आधार काढला की छप्पर खाली येते. निसर्गात तो आधार कोण काढतो, आणि मेडाकाच्या बाबतीत कोणी का काढीत नाही, हा मूळ प्रश्न जागच्या जागी राहतो.

उलट बाजूचा पुरावाही उपलब्ध आहे, व त्याचा उल्लेख क्वचित होतो. आग्नेय आशिया व चीनमधील भातखाचरांत आढळणारा वामीसारखा मोनॉप्टेरस आल्बस मादी म्हणून जन्मतो व मागाहून नर होतो. के. एफ. लीम ह्यांचा त्यावरील १९६३ चा निबंध प्रसिद्ध आहे. हाँगकाँग येथील एस. टी. एच. चॅन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात ह्या माशाला लैंगिक स्टेरॉइडे देऊन पाहिली. त्यांनी त्याचे लिंगांतर वेळेआधी घडून येईना. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीचे, सस्तन प्राण्यांपासून मिळविलेले ल्युटिनायझिंग हॉर्मोन दिले तेव्हा मात्र ते घडले. म्हणजे लिंग न बदलणारा मासा स्टेरॉइडाने बदलतो आणि स्वभावतः बदलणारा बदलत नाही. एका जातीवरून सर्व जातींविषयी निष्कर्ष काढू नये हे खरे. पण तो दंडक एपिनेफेलसलाही लागू करावयास हवा. जुळणारे उदाहरण नियम म्हणून मिरवायचे आणि न जुळणारे अपवाद म्हणून तळटीपेत घालायचे, ही पद्धत शास्त्रात शोभत नाही.

ह्या सर्व वाङ्मयात खऱ्या अर्थाने निर्णायक म्हणावा असा प्रयोग जे. गॉडविन, डी. क्रूज व आर. आर. वॉर्नर ह्यांचा. त्यांनी निळ्या डोक्याच्या रॅसच्या मोठ्या माद्यांची अंडाशये शस्त्रक्रियेने काढून टाकली, त्यांना पुन्हा प्रवाळभित्तीवर सोडले आणि तेथील प्रमुख नर दूर केले. जननग्रंथीच नसलेल्या ह्या माद्या नराचा प्रदेश ताब्यात घेऊन नरासारख्या वागू लागल्या व इतर माद्यांशी प्रियाराधन करू लागल्या. १९९६ साली हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण क्वचितच इतकी अक्षरशः खरी ठरली असेल. पुढे के. सेमसर व गॉडविन ह्यांनी २००३ मध्ये दाखविले की, प्रमुख स्थान मिळताच ह्या माशाच्या मेंदूतील दृक्-पूर्व क्षेत्रात आर्जिनिन व्हॅसोटोसिन ह्या द्रव्याची जनुकीय हालचाल वाढते, आणि तीही जननग्रंथींवर अवलंबून नसते. ह्याचा अर्थ स्टेरॉइडांना काही काम नाही असा नव्हे. ११-कीटोटेस्टोस्टेरोन दिल्यास मादीच्या अंगावर नराचे रंग उमटतात हे त्याच जातीत दिसले आहे. अर्थ इतकाच की, लिंगांतर ही एकसंध घटना नाही. वागणूक, रंग व जननग्रंथी ह्यांच्या दोऱ्या निरनिराळ्या हातांत आहेत, आणि ज्या हाताने पहिली दोरी ओढली तो जननग्रंथीत नाही.

१९९६ च्या प्रयोगाचे मोल त्याच्या रचनेत आहे. येथे काही ‘दिले’ नाही, काढून घेतले. दिल्याने काय होऊ शकते ते कळते. काढून घेतल्याने कशावाचून अडत नाही ते कळते. शिवाय प्रयोग काचेच्या टाकीत नव्हे तर माशाच्या स्वतःच्या वस्तीत, खऱ्या सामाजिक प्रसंगात झाला. लिंगांतरावरील प्रयोगांपैकी फार थोड्या प्रयोगांना ह्या दोन्ही गोष्टी साधलेल्या आहेत.

हॉर्मोनमीमांसेचा आणखी एक अपुरेपणा ट्रिमा ओकिनावी ह्या जपानच्या गोबी माशाने उघड केला. हा मासा दोन्ही दिशांनी लिंग बदलतो. आज मादी, उद्या प्रसंग पडल्यास नर, आणि पुन्हा मादी. त्याच्या जननग्रंथीत अंडाशयाचा व वृषणाचा भाग एकाच वेळी असतो. कोबायाशी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले की, सामाजिक स्थान बदलल्यावर काही तासांतच पोष ग्रंथीच्या हॉर्मोनांचे ग्राही एका भागातून मावळतात व दुसऱ्या भागात उगवतात. हुकूम देणारा तोच, हुकूम तोच; ऐकणारा बदलला. रक्तातील हॉर्मोनांचे प्रमाण मोजून जो ह्या घटनेचे कारण शोधील त्याला ते सापडणार नाही, कारण तो चुकीच्या ठिकाणी मोजत असेल.

जनुकशास्त्राने ह्या चर्चेला नवे वळण दिले, आणि त्यातील सर्वांत महत्त्वाचा निबंध २०१९ साली ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या ई. व्ही. टॉड, एन. जे. गेमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लॉरिडाच्या प्रवाळभित्तींवर निळ्या डोक्याच्या रॅसचे प्रमुख नर दूर केले, आणि लिंगांतराच्या प्रत्येक टप्प्यावर माद्यांचे मेंदू व जननग्रंथी ह्यांतील जनुकांची हालचाल तपासली. आनुवंशिक संचित आधी जे होते तेच मागाहूनही असते, एकही अक्षर बदलत नाही. बदलते ते कोणते पान उघडे राहावे व कोणते मिटावे हे. ॲरोमॅटेजचे जनुक प्रथम मंदावते. वृषणाच्या घडणीशी निगडित एएमएच व डीएमआरटी-१ ही जनुके चढू लागतात. फॉक्सएल-२ सारखी मादीपण राखणारी जनुके ओसरतात. त्याचबरोबर डीएनएवरील मेथिल गटांची मांडणी सर्व संचितभर नव्याने होते, व शेवटी वृषणातील डीएनए अंडाशयातल्यापेक्षा अधिक मेथिलयुक्त दिसते. घटनाक्रमाची इतकी तपशीलवार नोंद ह्यापूर्वी कोणत्याही लिंगांतरी माशाची झालेली नव्हती. निबंधाच्या परिश्रमांविषयी व प्रामाणिकपणाविषयी आदरच वाटेल.

तथापि ह्या निबंधाचा जो अर्थ अनेकांनी लावला त्याविषयी तीन हरकती घ्याव्या लागतात. पहिली अशी की, येथेही क्रमालाच कारण मानण्याचा मोह आहे. ॲरोमॅटेज सर्वांत आधी उतरते ह्यावरून तेच पहिले कारण असे ठरत नाही. जे मोजले त्यांत ते पहिले, इतकेच. त्याच्या वरचा हात मेंदूतला असणार हे १९९६ च्या प्रयोगानंतर कोणी नाकारू शकत नाही, आणि मेंदूपासून जननग्रंथीपर्यंतचा तो दुवाच अजून मोकळा आहे.

दुसरी हरकत अधिक तांत्रिक पण अधिक गंभीर. मेथिलीकरणाची मोजमापे अखंड जननग्रंथीवर घेतलेली होती. जननग्रंथी म्हणजे एक पेशी नव्हे. आठ-दहा दिवसांत त्यातील अंडपेशी विरून जातात आणि शुक्रजनक पेशींची गर्दी होते. शुक्रपेशींचे डीएनए मुळातच भरपूर मेथिलयुक्त असते. एका गावातील निम्मे शेतकरी निघून गेले व त्यांच्या जागी कोष्टी येऊन राहिले, तर गावाचा धंदा बदलला हे खरे; पण एखाद्या शेतकऱ्याने नांगर टाकून माग धरला असे त्यावरून म्हणता येत नाही. संपूर्ण ग्रंथीतील मेथिलीकरण बदलले ह्याचा काही भाग तरी असा लोकवस्तीतील बदल असणार. प्रत्येक प्रकारच्या पेशी अलग करून तपासल्यावाचून ‘पुनर्लेखन’ हा शब्द वापरताना हात आखडता घेतला पाहिजे.

तिसरी हरकत उंदरांवरून सुचते. २००९ साली प्रौढ उंदरीच्या अंडाशयातील फॉक्सएल-२ काढून टाकले असता तेथील पेशी वृषणातील पेशींसारख्या झाल्या. २०११ साली नर उंदरातील डीएमआरटी-१ काढल्यावर उलट दिशेचा बदल दिसला. म्हणजे मादीपण व नरपण एकमेकांना दाबून ठेवणाऱ्या जनुकांचे हे जाळे फक्त लिंगांतरी माशांचे नव्हे. ते उंदरातही आहे, आणि उंदीर काही लिंग बदलीत नाही. जे सर्वांच्या घरी आहे ते एकाच घरी घडलेल्या गोष्टीचे कारण म्हणून पुरत नाही. रॅसच्या जाळ्यात असे काय सैल आहे जे उंदराच्या जाळ्यात घट्ट आहे, ह्या प्रश्नाकडे जाळ्याची नुसती यादी देऊन जाता येत नाही.

मेंदू व जननग्रंथी ह्यांमधील मोकळा दुवा भरण्यासाठी अलीकडे कॉर्टिसॉल ह्या ताणाच्या हॉर्मोनाचे नाव वारंवार घेतले जाते. कल्पना आकर्षक आहे, व तिला रसायनशास्त्राचा आधार आहे. कॉर्टिसॉल बनविणारे आणि ११-कीटोटेस्टोस्टेरोनच्या निर्मितीतील पूर्वद्रव्य बनविणारे एंझाइम एकच. तसेच कॉर्टिसॉल निष्क्रिय करणारे एंझाइमच ११-कीटोटेस्टोस्टेरोन घडविण्याची शेवटची पायरी पार पाडते. ताण वाढला की हा कारखाना दोन्ही माल अधिक काढू लागेल, हे समजण्याजोगे आहे. २०१५ साली हॅलिकोइरीस ट्रायमॅक्युलॅटस ह्या रॅसच्या माद्यांना कॉर्टिसॉल देऊन त्यांच्या अंडाशयाचे वृषण होते असे जपानमध्ये दाखविले गेले. पण हा पुन्हा ‘देण्याचा’ प्रयोग आहे. आणि मेडाका व पेहेरे ह्या माशांच्या पिलांचे उष्णतेने होणारे नरीकरणही कॉर्टिसॉलमार्फतच होते असे त्याआधी दिसून आले होते. म्हणजे यामामोतोंच्या स्टेरॉइडांवर जो आक्षेप येतो तोच येथे शब्दशः येतो. शिवाय साधा प्रश्न असा की, जनानखान्यातला दांडगा नर नाहीसा झाल्यावर सर्वांत मोठ्या मादीचा ताण वाढतो की घटतो? सिंहासन रिकामे झाल्याची धांदल म्हणून तो वाढतो असे म्हणता येईल. डोक्यावरचा जाच गेला म्हणून घटतो असेही म्हणता येईल. ज्या उपपत्तीला दोन्ही उत्तरे सारखीच पचतात तिची परीक्षा कशी घ्यावयाची, हे तिच्या पुरस्कर्त्यांनी सांगावयास हवे.

आणखी एका एकांगीपणाचा निर्देश आवश्यक आहे. वरील बहुतेक पुरावा स्त्रीपूर्व माशांचा, त्यातही रॅस कुळाचा आहे. समुद्रपुष्पांत राहणाऱ्या ॲम्फिप्रिऑन माशांत क्रम उलटा असतो. एच. व एस. फ्रिके ह्यांनी १९७७ साली दाखविल्याप्रमाणे तेथे मादी प्रमुख असते. ती मेली की तिचा जोडीदार नर मादी होतो. २०१९ मध्येच प्रसिद्ध झालेल्या डॉड व सहकाऱ्यांच्या अभ्यासात ॲम्फिप्रिऑन ओसेलॅरिसच्या अशा नरांच्या मेंदूतील दृक्-पूर्व क्षेत्र मादीसारखे झालेले आढळले, परंतु जननग्रंथी मात्र अद्याप नराच्याच राहिलेल्या होत्या. रॅसचे आठ दिवस आणि ह्या माशाचे कित्येक महिने. एकाचे अंडाशय मोडून वृषण होते, दुसऱ्याच्या जननग्रंथीत अपक्व अंडाशयाचा भाग आधीपासूनच वाट पाहत असतो. दोहोंना एकच यंत्रणा लागू करण्याचा आग्रह कशासाठी? मेंदू पुढे आणि जननग्रंथी मागे, हा एकच धागा दोन्हीकडे सारखा दिसतो, आणि तो स्टेरॉइडप्रधान मीमांसेला अनुकूल नाही.

ह्या विषयात कठोर कसोट्या लावण्याची परंपरा नाही असे मात्र नव्हे. वाय. सॅडोव्ही व डी. वाय. शॅपिरो ह्यांनी १९८७ साली ‘कोपिया’ नियतकालिकात मासा लिंगांतरी आहे असे केव्हा म्हणावे ह्याचे निकष घालून दिले. लहान मासे सारे मादी व मोठे सारे नर आढळले एवढ्यावर लिंगांतर सिद्ध होत नाही, कारण नर अधिक वाढत असतील किंवा अधिक जगत असतील. जननग्रंथीत दोन्ही प्रकारच्या पेशी दिसल्या एवढ्यानेही होत नाही, असे त्यांनी बजावले. त्या निबंधानंतर कित्येक जुने दावे पुन्हा तपासावे लागले. ‘लिंगांतर होते का’ ह्या प्रश्नाला जी शिस्त त्यांनी लावली ती ‘कशाने होते’ ह्या प्रश्नाला अद्याप लागलेली नाही. संशयित कारण रोखले असता, सामाजिक प्रसंग तसाच ठेवूनही, लिंगांतर थांबले पाहिजे. ते परत दिले असता पुन्हा सुरू झाले पाहिजे. आणि हे दोन्ही लिंगांतरी जातीतच, शक्यतो तिच्या वस्तीत, दाखविले पाहिजे. ही मागणी अवास्तव नाही. तिचा पहिला भाग १९९६ मध्ये तीन संशोधकांनी प्रवाळभित्तीवर पार पाडला होता.

ह्या चर्चेचा व्यवहाराशी संबंध आहे तो येथे. मेक्सिकोच्या आखातातील गॅग ह्या स्त्रीपूर्व माशात १९७० च्या दशकाच्या अखेरीस नरांचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते; १९९० च्या दशकाच्या आरंभी ते २ टक्क्यांच्या आसपास आले. मोठे मासे आधी पकडले जातात, आणि मोठे म्हणजे नर. लिंगांतर वयावर अवलंबून असते असे धरले तर नर भरून येण्यास वर्षे लागतील. ते सामाजिक प्रसंगावर अवलंबून असते असे धरले तर उरलेल्या माद्यांतून नर लवकर निर्माण व्हावेत. प्रत्यक्षात ते तितक्या लवकर भरून आले नाहीत. अशा वेळी कारण कोणते मानले ह्यावर किती मासे पकडू द्यावेत हे ठरते, आणि ‘हॉर्मोन बदलले म्हणून’ हे उत्तर येथे कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्याला हाच प्रश्न उलट्या क्रमाने भिडतो. रायगडच्या खाड्यांत मिळणारा व खारेपाटातील तळ्यांत हौसेने वाढविला जाणारा जिताडा, म्हणजे लेट्स कॅल्कॅरिफर, पुंपूर्व आहे. पापुआ न्यू गिनीत आर. मूर ह्यांनी १९७९ साली व उत्तर ऑस्ट्रेलियात टी. एल. ओ. डेव्हिस ह्यांनी १९८२ साली हे प्रस्थापित केले. डेव्हिस ह्यांच्या निरीक्षणांत तो तीन-चार वर्षांचा असताना नर म्हणून पक्व होतो व साधारणतः सहा ते आठ वर्षांच्या वयात मादी होतो. त्यामुळे मोठा जिताडा हा बहुधा मादीच असतो, आणि म्हणून ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यात पूर्व किनाऱ्यावर ५८ सेंटिमीटरहून लहान तसाच १२० सेंटिमीटरहून मोठा जिताडा पकडण्यास मनाई आहे. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये जिताड्याचे बंदिस्त प्रजनन साधले, तेव्हापासून बीजोत्पादनासाठी माद्या हव्यात आणि त्या होण्यास वर्षे लागतात, ही अडचण भारतीय मत्स्यशास्त्रापुढे आहे. एस्ट्रॅडायॉल देऊन ती दूर करता येते, व तसे करण्यात काही गैर नाही. फक्त तसे केल्याने जिताडा निसर्गात मादी का होतो हे कळले असे मानू नये. जिताड्यात जनानखाना नाही, प्रमुख नर नाही, नाहीसा होणारा जोडीदार नाही. रॅसमध्ये ज्या सामाजिक प्रसंगाने सारे सुरू होते तो येथे मुळातच नाही. डीएमआरटी-१ व ॲरोमॅटेज ह्यांच्या जनुकांवरील मेथिलीकरण नर व मादी जिताड्यांत भिन्न असल्याचे २०१८ साली नोंदले गेले, पण ती नोंद बदल झाल्यानंतरची आहे. बदलापूर्वी, म्हणजे चौथ्या-पाचव्या वर्षी, अजून नर असलेल्या जिताड्याच्या मेंदूत व पोष ग्रंथीत काय चालले असते, हे पाहण्यासाठी त्या वयाच्या माशांचे नमुने वर्षाच्या सर्व ऋतूंत घ्यावे लागतील, आणि जननग्रंथी अखंड न तपासता पेशीनिहाय तपासावी लागेल.